लहान पोरांना घेऊन बेळगाव परिसरात कुठं जायचं? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात दोन पोरं, थोरली सात वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा. महिन्यातनं दोन-तीन वेळा आम्ही कुठं ना कुठं बाहेर पडतो, आणि सोमवारी शाळेच्या गेटवर मग बाकीच्या आया विचारणार, कुठं गेलतासा, पैसे किती गेले, धाकट्यानं त्रास दिला नाही काय. प्रत्येकीला वेगवेगळं सांगून घसा बसायची वेळ आली म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. बेळगाव शहर धरून लिहिलंय, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्यांनी आपापल्या हिशोबानं अंतर धरून घ्या.

सुरुवात कुठून करायची? जवळचं आणि फुकटचं काय आहे?

किल्ला. हसू नका, बेळगावात जन्मलेल्या कितीतरी लोकांनी किल्ला फक्त बसच्या खिडकीतनं बघितलाय. स्टँडपासून चालत जाता येतंय, आत जायला तिकीट नाही, गाड्यांची गर्दी कमी आणि झाडं भरपूर. पोरांना पहिल्यांदा खंदक दाखवायचा आणि यात पूर्वी पाणी असायचं, शत्रूला पोहून यावं लागायचं म्हणून सांगायचं, मग पुढचा अर्धा तास ती स्वतःच शत्रू होतात आणि तुम्हाला बसायला मिळतं.

आत कमल बस्ती आहे, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, रट्ट राजांच्या काळातली. तिच्या छताला दगडात कोरलेलं उलटं कमळ आहे आणि त्याला ७२ पाकळ्या, मागचे २४, आत्ताचे २४ आणि पुढं होणारे २४ तीर्थंकर असा हिशोब. आमच्या थोरलीला मी पाकळ्या मोजायला लावते, मान वर करून मोजता मोजता ती चाळीसच्या पुढं चुकते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. चार वेळा गेलोय, अजून ७२ भरल्या नाहीत. तिथंच पुढं रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे, स्वामी विवेकानंद १८९२ च्या ऑक्टोबरात बेळगावला आलेले तेव्हा त्यातल्या घरात राहिलेले. तिथं शांत बसावं लागतं, म्हणून धाकटा झोपला असेल तरच आम्ही जातो. आणि एक, किल्ल्यात मिलिटरीची हद्द पण आहे, जिथं बोर्ड आहे तिथं मोबाईल खिशात.

बाहेर येऊन किल्ला तलावाच्या काठानं चालायचं. ११० मीटर उंच झेंड्याचा खांब आहे, कधी झेंडा असतो, कधी नुसता खांबच. सगळं मिळून तीन तास, घरातनं नेलेला डबा आणि परत येताना दोन आईस्क्रीम. एवढाच खर्च.

एका दिवसाचा खर्च साधारण किती धरायचा?

आमचा निम्म्यापेक्षा जास्त वेळा तीनशेच्या आत बसतो. पैसे तिकिटात जात नाहीत, गाडीच्या पेट्रोलमध्ये आणि बाहेरच्या खाण्यात जातात, आणि तिसरं म्हणजे दारात लावलेल्या फुग्यांच्या, भिरभिऱ्यांच्या गाड्यात. हे तिन्ही सांभाळलं की झालं.

गाडीचं बघा. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी साध्या बसला तिकीट नाही, शक्ती योजना. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार दाखवायचं आणि कंडक्टरकडनं झिरो तिकीट मागून घ्यायचं, ते घेतल्याशिवाय बसू नका, चेकिंग आलं तर वाद होतो. मुलींना पण लागू आहे. सहा वर्षांच्या आतल्या पोरांना तसंही तिकीट नसतं. म्हणजे आमच्या घरात मी, थोरली आणि सासूबाई योजनेत, धाकटा वयात, आणि तिकीट एकट्या आमच्या ह्यांचं. ते म्हणतात मी एकटाच ह्या घरात पैसे भरून फिरतोय. एसी, स्लीपर, राजहंस असल्या गाड्यांना हे चालत नाही आणि बेळगाव-कोल्हापूर असल्या राज्याबाहेरच्या प्रवासाला पण धरून चालू नका. तिकडं महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना महाराष्ट्राच्या हद्दीत अर्धं तिकीट आहे, ते वेगळं.

आणि चार-पाच वर्षांच्या पोराला विचारून बघा, कारनं जायचं की लाल बसनं. आम्ही एकदा हौसेनं मोठी गाडी भाड्यानं केली तर दोघं पण सुटल्यापासून झोपली ती पोचेपर्यंत. बसमध्ये खिडकी असते, कंडक्टरची शिट्टी असते, शेजारच्या आजी शेंगा देतात. फिरणं तिथंच सुरू होतं.

ट्रेननं जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येईल असं काही?

खानापूर. माझं सगळ्यात आवडतं हेच, म्हणून जरा लांबण लावते.

बेळगाव सोडलं की देसूर, इदलहोंड आणि मग खानापूर, जवळपास २५ किलोमीटर. सकाळची पॅसेंजर बघून जनरलचं तिकीट काढायचं. पाच वर्षांच्या आतल्यांना तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. देसूरच्या पुढं भाताची शेतं आणि झाडी सुरू होते, पावसाळा संपता संपता गेलात तर हिरवं असं दिसतं की मोबाईल काढायचं पण सुचत नाही. आमचा धाकटा दर स्टेशनला "आलं काय?" विचारतो आणि नाही म्हटलं की खूश होतो, कारण अजून गाडीत बसायला मिळणार.

खानापूरला उतरून रिक्षा ठरवायची ती असोग्याला. जाऊन-येऊन आणि तिथं थांबायचं असं आधीच बोलून घ्या, नुसतं जायचं ठरवलं तर येताना मिळत नाही. असोग्याला मलप्रभेच्या काठाला रामलिंगेश्वराचं देऊळ आहे, मोठमोठे सपाट खडक आणि मधनं पाणी. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी बेताचं असतं, काठाला बसून पाय बुडवायचे, दगड टाकायचे, बारके मासे बघायचे. दोन तास कुठं जातात कळत नाही आणि तुम्हाला एक रुपयाचं खेळणं घ्यावं लागत नाही. खरं खडकाला शेवाळ असतं. दोन पोरं असतील तर दोन मोठी माणसं हवीतच, एका पोराला एक हात. एकट्या आईनं दोन पोरं घेऊन नदीला जायचं नाही, हे मी ठणकावून सांगते. पावसाळ्यात तर अजिबात नाही, ही नदी वर कणकुंबीच्या डोंगरात उगम पावते, तिकडं पाऊस धो धो पडतो आणि खाली ऊन असताना पाणी वाढतं.

खानापूर मातीच्या कामासाठी जुनं नावाजलेलं गाव, कौलं, मडकी, कुंड्या. बाजारात मातीची भांडी दिसली की एखादी बारकी पणती नाहीतर बोळकं घेऊन द्या, घरी आल्यावर चार दिवस त्याच्यातच भातुकली चालते. स्वतःची गाडी असेल तर नंदगड आणि हलशी पण त्याच दिवसात बसतंय. नंदगडला कित्तूरच्या सैन्यातल्या संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे, इंग्रजांनी त्याला २६ जानेवारी १८३१ ला तिथं फाशी दिलं. हलशीला कदंबांच्या काळातलं भूवराह नरसिंहाचं देऊळ आहे, आवार मोठं, गर्दी नाही, पोरं मोकाट पळतात. वराहाचं तोंड बघून आमची थोरली म्हणाली, हा देव चिडलाय की हसतोय. अजून ठरलेलं नाही.

तीन वर्षांच्या आतलं बाळ आहे, एवढी धावपळ झेपणार काय?

झेपत नाही आणि करायची पण गरज नाही. एवढ्या बाळाला कोंबडी, पाणी आणि वाळूचा ढीग पुरतो. मिलिटरी महादेवला जा, कॅम्पात. देऊळ आहे, बाग आहे, सावली आहे, पोरांना खेळायची जागा आहे, गाडीपासून लांब चालावं लागत नाही. सकाळी नऊला जाऊन साडेअकराला घरी, बाळाच्या झोपेआधी. झोपेची वेळ मोडली की तुमचा पुढचा दिवस पण मोडला.

भूतरामनहट्टीच्या प्राणीसंग्रहालयात खरंच वाघ-सिंह आहेत काय?

आहेत. कित्तूर राणी चन्नम्मांच्या नावाचं आहे ते, हायवेला, राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या बाजूला, बेळगावातनं कोल्हापूरच्या दिशेनं जाताना. आमच्या लहानपणी तिथं हरणं सोडून फारसं काही नव्हतं, आता वाघ, सिंह, बिबटे आलेत, सफारीची गाडी पण आहे.

एकच चूक सगळे करतात, जेवण करून दुपारी दोनला जातात. त्या वेळेला वाघ पण जेवून झोपलेला असतो. मग पोरं विचारणार, वाघ कुठाय, आणि तुम्ही त्या झुडपाखालची शेपटी दाखवणार. सकाळी उघडतानाच जा. आठवड्यातनं एक दिवस बंद असतं, निघायच्या आधी फोन करून विचारा, नाहीतर बंद गेटसमोर पोराची समजूत घालायला तुम्हाला किल्ल्यापर्यंत यावं लागेल. सफारीला रांग असेल आणि धाकटं कंटाळलं असेल तर सोडून द्या, चालत बघितलेलं बिबट्याचं तोंड त्याला जास्त लक्षात राहतं.

गोकाकचा धबधबा लहान पोरांना घेऊन बघण्यासारखा आहे काय?

लांबनं बघायला, होय. घटप्रभा नदी तिथं ५२ मीटर खाली पडते, घोड्याच्या नालेसारखा आकार, जुलै ते सप्टेंबर पाणी लालसर मातकट आणि आवाज असा की धाकट्यानं दोन्ही कानावर हात ठेवले. एप्रिल-मे मध्ये जाऊन "पाणीच नाही की" म्हणून तक्रार करणारे माझ्याच घरात आहेत, त्यांचं नाव घेत नाही. बाजूला जुनी गोकाक मिल, १८८५ च्या सुमाराची, आणि नदीवरचा झुलता पूल. पुलावर सोडत असतील तरी लहान पोरांना मी नेत नाही, हलतो आणि माझेच पाय लटपटतात. काठाला कठडा सोडून पुढं जायचंच नाही, सेल्फीच्या नादात दरवर्षी पेपरात काय काय येतं ते तुम्ही वाचताच.

बेळगावातनं साधारण ६० किलोमीटर, म्हणजे जाऊन येऊन दिवस जातोच. रस्त्यात करदंट घ्यायला विसरायचं नाही, डिंक, सुकामेवा, गूळ, दोन तुकड्यात पोर तासभर गप्प. गोडचिनमलकीचा धबधबा तिथनं जवळ आहे, खरं तिकडं चालायला लागतं, दहा वर्षांच्या पुढच्यांना ठीक. खानापूर जंगलातले वज्रपोहासारखे धबधबे ह्या यादीत मी मुद्दाम घातले नाहीत. पावसाळ्यात वनखातं आणि पोलीस तिकडं जायला बंदी घालतात, आणि जळवा लागलेलं तीन वर्षांचं पोर खांद्यावर घेऊन चिखलातनं चालणं ही काय सहल नव्हे.

एखादा किल्ला, जिथं वरपर्यंत गाडी जाते?

राजहंसगड, येळ्ळूरचा. पंधराएक किलोमीटर, गाडी वर जाते, आत सिद्धेश्वराचं देऊळ, शिवाजी महाराजांचा मोठा पुतळा २०२३ साली बसवलाय. तटावरनं खाली येळ्ळूरची भातशेती दिसते, बेळगाव बासमती म्हणतात तो भात ह्याच भागातला. वारं मात्र भयंकर. टोपी उडाली म्हणून आमच्यात रडारड झालेली आहे, कानटोपी बांधायची घ्या. संध्याकाळी चारनंतर जावा, पतंग न्यावा, तटाच्या कडेपासून लांब उभं राहून उडवावा.

कित्तूरचा किल्ला पण सोपा. हायवेवरनं आत वळलं की झालं, पन्नासेक किलोमीटर. पडक्या वाड्याच्या भिंती, गवत, एक म्युझियम. १८२४ च्या ऑक्टोबरात राणी चन्नम्मांनी इंग्रजांना हरवलं ते इथं, आमच्या थोरलीला शाळेत कन्नडमधनं शिकवलंय आणि ती मला मराठीत सांगते, मी गप ऐकून घेते. आवार मोठं आहे, बॉल नेऊन खेळा.

आम्हाला कन्नड वाचता येत नाही, बसच्या पाट्या कशा कळणार?

तुमच्या पोराला येतंय की! शाळेत शिकतंय ते. आमच्याकडं हा एक खेळच झालाय, स्टँडवर उभं राहायचं आणि थोरलीनं पाटी वाचायची. खानापूरच्या बसला "खा" कुठला ते तिनं मला शिकवलं. सासूबाई आधी कुरकुरत होत्या, आता त्याच विचारतात, बाळ ही कुठली गं. एवढ्याशा पोरीला घरातल्या चार मोठ्यांना वाट दाखवायला मिळते, ह्याच्याएवढी करमणूक कुठल्या पार्कात तिकीट काढून मिळत नाही. अडलं तर कंडक्टरला मराठीत विचारा, बहुतेकांना कळतं, आणि पहिला शब्द "अण्णा" म्हटलात की काम आणखी लवकर होतं.

फक्त दोन-तीन तास हातात आहेत, तेवढ्यात काय?

रेल्वे गेट. टिळकवाडीत राहणाऱ्यांना आयुष्यभर ज्या गेटनं वैताग दिला तेच पोरांना घेऊन गेलं की करमणूक होते. दुसऱ्या गेटला बाजूला सुरक्षित उभं राहायचं, घंटा वाजली की गेट पडतं, मग मालगाडीचे डबे मोजायचे. नाहीतर स्टेशनवर दहा रुपयाचं प्लॅटफॉर्म तिकीट काढून बाकावर बसा, दोन गाड्या बघा, एक चहा, एक बिस्किटपुडा. पाहुण्यांना सोडायला आलोय असं वाटतं लोकांना.

किंवा सांबऱ्याच्या रस्त्याला विमान उतरताना बघायचं. विमानाची वेळ आधी मोबाईलवर बघून घ्या, नाहीतर तासभर नुसतं आभाळ बघत बसाल. तिथं हवाई दलाचं ट्रेनिंग सेंटर पण आहे, त्यामुळं फोटो काढत बसू नका, रस्त्याच्या कडेला गाडी नीट लावा.

पावसाळ्यात चार महिने पोरांना घरात कोंडायचं काय?

बेळगावचा पाऊस काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. जून-जुलैत बेत करायचाच नाही, उघडीप दिली की निघायचं. कुणाचं तरी गाव असतंच पश्चिमेच्या बाजूला, मामाचं, आत्याचं, मोलकरणीचं पण चालतंय, रोप लावण चालू असताना पोरांना तिथं न्या. जुने कपडे, गुडघाभर चिखल, हातात भाताच्या रोपाची जुडी. पोरं लावतात ते वाकडंतिकडं असतं, मागनं बायका परत नीट लावतात आणि हसतात. परत येताना पोर गाडीत घ्यायच्या आधी बांधावरच्या पाण्यात धुवायचं आणि पोत्यावर बसवायचं. साप-किरड्याचं भान ठेवायचं, पोरं पुढं आणि मोठं माणूस मागं असं करायचं नाही, उलट करायचं.

खायला काय न्यायचं? बाहेरचं अजिबात नको काय?

दोन डबे. एकात सकाळची आंबोळी नाहीतर चपातीत गुंडाळलेली बटाट्याची भाजी, दुसऱ्यात दहीभात, तो उन्हात पण पोटाला थंड. भडंग वेगळं, पिशवीत, रडायला लागलं की काढायचं. केळी वरनं ठेवायची नाहीत, मी एकदा खाली ठेवली आणि दप्तर धुवायला लागलं म्हणून वरनं ठेवायला लागले तर माकडानं नेली. आता गोवावेसच्या बाजारातनं पेरू घेते.

बाहेरचं एक तरी घ्यायचं, आधी ठरवून. गरम मिरची भजी मोठ्यांना आणि पोरांना आल्याची वडी, नाहीतर परत येताना पाव किलो कुंदा, आपल्या बेळगावची दुधाची मिठाई. घरातनं निघतानाच सांगायचं की आज एक वस्तू, कुठली ते तुम्ही ठरवा. मग दुकान दिसल्या दिसल्या हट्ट करत नाहीत, उलट दिवसभर दोघं चर्चा करतात काय घ्यायचं म्हणून.

टॉयलेटची सोय?

हा प्रश्न बायकाच विचारतात आणि बाप्ये ठिकाण ठरवतात. हायवेला पेट्रोल पंपावर टॉयलेट आणि पिण्याचं पाणी फुकट द्यावंच लागतं, पेट्रोल घातलं नाही तरी, बिनधास्त विचारा. नदीकाठी, गडावर सोय नाही असंच धरा. बाळाचं प्लास्टिकचं भांडं डिकीत ठेवा, लाजायचं काय.

महाराष्ट्राच्या बाजूला कुठं जाता येईल?

चंदगड तालुक्यात देवरवाडीचं वैजनाथ, बेळगावातनं पंधराएक किलोमीटरच. झाडीतलं देऊळ, वर महिपाळगड, आणि त्या गडाच्या आत चक्क गाव आहे, लोक राहतात, कोंबड्या फिरतात. पोरांना किल्ला म्हणजे पडकी भिंत एवढंच माहीत असतं, तटाच्या आत वाळत घातलेली कपडे बघून आमची थोरली चकित झाली.

निपाणीकडच्यांना कणेरी मठ जवळ. सिद्धगिरीचं म्युझियम, पूर्वीचं खेडं पुतळ्यातनं उभं केलंय, कुंभार, सुतार, न्हावी, बाजार, सगळं खऱ्या माणसाएवढं. तिकीट आहे खरं वसूल होतंय, आजीला घेऊन जा, ती गाईड होते आणि पोरांना "आम्ही असंच दळत होतो" म्हणून दाखवते. चालायला बरंच आहे, गुडघेदुखीवाल्यांनी अर्ध्यात बसून घ्यावं.

चिकोडीवाल्यांना खिद्रापूर. कोपेश्वराच्या देवळाचा स्वर्गमंडप, ४८ खांब आणि मधे छताला गोल भोक, त्यातनं आभाळ दिसतं. पोरांना त्या गोलाखाली उताणं झोपवा. बाहेरच्या भिंतीला खाली हत्तींची रांग आहे ती मोजा. आणि महादेवासमोर नंदी का नाही ते त्यांना शोधायला लावा, तो नंदी आमच्या बाजूला यडूरला आहे म्हणतात, कृष्णेच्या काठाला. मग त्याच दिवशी यडूरला जायचं, देव महाराष्ट्रात आणि नंदी कर्नाटकात. सीमाभागातल्या पोरांना ही गोष्ट समजावून सांगायला लागत नाही, प्रत्येकाची एक आत्या तिकडं असतेच.

सुट्टीचं गणित पण लक्षात घ्या. आमच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागते तेव्हा तिकडच्या पोरांच्या परीक्षा चालू असतात, त्या दिवसात आठवड्याच्या मधल्या वारी कणेरीला गर्दी कमी. उलट आमची दसऱ्याची सुट्टी बघून नवरात्रात लहान पोरं घेऊन अंबाबाईला जायचा बेत करू नका. आम्ही केलाय.

पोरं गाड्यांची वेडी आहेत, एखादा लांबचा दिवस सुचवा.

हुबळीचं रेल्वे म्युझियम, २०२० साली सुरू झालं, स्टेशनजवळच आहे म्हणजे उतरून रिक्षाचा पण फार खर्च नाही. जुनी इंजिनं, डबे, सिग्नल. ट्रेननं जायचं, ट्रेन बघायच्या, ट्रेननं परत यायचं. पाचच्या पुढच्या पोरांना न्या, जाता-येता पाच-सहा तास गाडीतच जातात. थोडं मोठं पोर असेल तर धारवाडला उतरून युनिव्हर्सिटीच्या आवारातलं विज्ञान केंद्र बघा आणि पेढे घेऊन या. दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका.

रिसॉर्ट किंवा वॉटर पार्क कसे? एकदा तरी न्यावं काय?

आम्ही एकदा गेलो, नाव सांगत नाही. चौघांचे मिळून महिन्याच्या किराण्याएवढे गेले. पोहायच्या टाकीत धाकट्याला उंची कमी म्हणून सोडलं नाही, थोरलीला घसरगुंडीची भीती वाटली, आणि दोघं पूर्ण दुपार पार्किंगमधल्या खडीत घर बांधत बसली. ती खडी आमच्या दारात पण पडलेली होती, घराचं काम चालू होतं तेव्हा. आठ-नऊ वर्षांची झाली, पोहायला आलं, मग बघू.

पैसे न लागणारं अजून काही?

सण. दिवाळीत गल्लीगल्लीत पोरं किल्ले करतात, बेळगावात तर मोठी मोठी पोरं महिनाभर राबतात. संध्याकाळी शहापूर, वडगाव, अनगोळ अशी एक एक गल्ली चालत किल्ले बघायचे, करणाऱ्या पोरांना विचारलं की ती इतिहास सांगतात, जोशात. गणपतीत देखावे बघायला सगळेच जातात, लहान पोरं असतील तर शेवटच्या दोन रात्री सोडून पहिल्या आठवड्यात सातच्या आत जावा, नंतर खांद्यावरचं पोर आणि पायातली चप्पल दोन्ही हरवायची वेळ येते. शिवजयंतीच्या चित्ररथांचं तसंच, मिरवणूक सुरू व्हायच्या आधी रथ उभे असतात तिथं जाऊन बघा, मावळ्यांचे कपडे घातलेली पोरं तिथंच वडापाव खात बसलेली असतात.

गेल्या गेल्या पोर म्हणालं "घरी जाऊया", तर?

घरी जा. खरंच. भाडं गेलं, डबा उघडला नाही, असं काही मनात आणायचं नाही. एकदा भुकेचं, एकदा झोपेचं आणि एकदा शू लागलीय काय ते विचारायचं, तिन्हीला नाही आलं तर परतीची बस पकडायची. फुकटच्या ठिकाणांचा हाच फायदा, अर्ध्यातनं उठून आलात तरी जीव तुटत नाही.

शनिवार बरा की रविवार?

शनिवार. सकाळची शाळा, साडेअकरा-बाराला सुटतात, दप्तर घरी टाकायचं, जेवायचं, धाकट्याला तासभर झोपवायचं आणि तीनला निघायचं. किल्ला, राजहंसगड, सांबरा सगळं ह्यात बसतं. रविवारी कपडे धुवायला मिळतात, आणि चिखलात गेलेले असाल तर ते लागणारच.